सेल संपतात तेव्हा झडप कुठे थांबते?

नवी दिल्ली : डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्लिन किंवा म्युनिकमधील एखादे मराठी कुटुंब महिनाभराच्या सुट्टीसाठी भारतात यायला निघते. खिडक्या लावल्या जातात, फ्रिज रिकामा होतो, मोबाइलवरील ॲपमध्ये प्रत्येक खोलीचे तापमान 16 अंशांवर ठेवले जाते आणि दाराला कुलूप लागते. पुढचे चार आठवडे त्या घराची ऊब सांभाळण्याचे काम प्रत्येक रेडिएटरच्या कडेला बसवलेल्या मुठीएवढ्या यंत्राकडे असते. या यंत्राची सारी शक्ती दोन किंवा तीन पेन्सिल सेलमध्ये साठवलेली असते. बाहेरचे तापमान शून्याखाली दहा अंशांवर गेले असताना हे सेल संपले, तर घराचे काय होईल?

प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र यंत्रागणिक बदलते. कुठे रिकाम्या घरात रेडिएटर महिनाभर तापत राहतो, कुठे घर हळूहळू गारठते, तर कुठे यंत्र शेवटची थोडी शक्ती वापरून झडप सुरक्षित स्थितीत नेऊन ठेवते. विकत घेताना ग्राहक सेल किती वर्षे टिकतील हे विचारतो. ते संपताना यंत्र काय करील, हे क्वचितच विचारले जाते.

रशियाने फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर युरोपात नैसर्गिक वायूचे दर भडकले. त्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून जर्मनीने सार्वजनिक कार्यालयांमधील तापमानावर 19 अंशांची मर्यादा घातली. घरगुती उष्णतेच्या प्रत्येक अंशाचा हिशेब सुरू झाला आणि वेळापत्रकानुसार रेडिएटर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या या यंत्रांकडे सामान्य ग्राहकांचे लक्ष गेले. जर्मनीतील उच्चशिक्षण संस्थांमध्ये 2023-24 च्या हिवाळी सत्रात सुमारे 49 हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत ही संख्या सर्वाधिक होती. त्यांच्यापैकी अनेकांना भाड्याच्या खोलीत रेडिएटरची पहिली ओळख होते. त्यामुळे हा विषय दूरदेशीचा असला, तरी भारतातील अनेक घरांशी त्याचा संबंध आहे.

विजेशिवाय चालणारी जुनी झडप

युरोपातील घरांत बॉयलरमध्ये किंवा सामायिक उष्णता केंद्रात तापवलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये फिरते. रेडिएटरच्या तोंडाशी पितळेची झडप असते आणि तिच्यातून एक बारीक धातूची दांडी बाहेर डोकावते. दांडी आत दाबली की झडप मिटते. दाब काढला की आतली स्प्रिंग दांडीला बाहेर ढकलते आणि झडप उघडते. दांडीचा हा सारा प्रवास अवघ्या काही मिलिमीटरचा असतो.

डेन्मार्कमधील डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी 1943 मध्ये या झडपेसाठी तापमानानुसार आपोआप चालणारा नॉब शोधून काढला. अशा नॉबच्या आत मेण, द्रव किंवा वायू भरलेली छोटी डबी असते. खोली तापली की आतला पदार्थ प्रसरण पावतो आणि दांडी दाबतो. खोली थंड झाली की तो आकुंचन पावतो आणि स्प्रिंग झडप उघडते. याला वीज लागत नाही, सेल लागत नाहीत. नॉबवरील बर्फाच्या चांदणीची खूण म्हणजे साधारण सहा ते आठ अंश. खोली त्याखाली गेली की झडप आपोआप उघडते आणि नळ गोठण्यापासून वाचतात.

या रचनेचे एक वैशिष्ट्य पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवायला हवे. डबी फुटून आतला पदार्थ निघून गेला, तर दांडी दाबणारे काही उरत नाही आणि स्प्रिंग झडप उघडी ठेवते. म्हणजे जुना नॉब बिघडतो तेव्हा खोली अधिक तापते. उष्णता वाया जाते, पण बॉयलर चालू असेल तर पाणी गोठत नाही.

मोटर आली, सेल आले

स्मार्ट व्हॉल्व्ह म्हणून विकले जाणारे यंत्र त्याच पितळी झडपेवर, जुन्या नॉबच्या जागी बसते. आत एक छोटी मोटर, वेग कमी करून जोर वाढवणारी दंतचक्रे आणि पुढेमागे सरकणारा आट्यांचा स्क्रू असतो. तापमापक खोलीची ऊब मोजतो, इवलासा संगणक निर्णय घेतो आणि मोटर दांडी दाबते किंवा सोडते. रेडिओ लहरींद्वारे हे यंत्र घरातील मध्यवर्ती उपकरणाशी बोलते. झिगबी, ब्लूटूथ, 868 मेगाहर्ट्झवरील खास प्रणाली असे त्याचे निरनिराळे प्रकार आहेत. वाय-फायला तुलनेने अधिक शक्ती लागत असल्याने सेलवर चालणाऱ्या या यंत्रांत तो कमी आढळतो.

स्क्रू आणि दंतचक्रांची ही जोडणी जिथे थांबते तिथेच अडकून राहते. स्प्रिंगने कितीही ढकलले, तरी ती उलट फिरत नाही. सामान्य काळात हा गुण आहे, कारण झडप एका जागी धरून ठेवायला वीज खर्च होत नाही. सेल संपल्यावर मात्र हाच गुण अडचणीचा ठरतो. जुन्या नॉबमध्ये स्प्रिंग झडप उघडू शकत होती. येथे निर्जीव मोटर तिला अडवून बसते.

हा फरक भारतीय घरांतील गॅस गीझरच्या उदाहरणाने समजतो. अशा गीझरमध्येही बहुधा दोन जाड सेल असतात. ते संपले की ठिणगी पडत नाही आणि गॅसची झडप उघडत नाही, कारण ती उघडी ठेवायलाच वीज लागते. आंघोळ थंड पाण्याने करावी लागते. मात्र गॅस घरात पसरत नाही. रेल्वेच्या हवेच्या ब्रेकचेही तत्त्व हेच आहे : नळीतील दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. शक्ती संपल्यावर यंत्राने सुरक्षित बाजूलाच झुकावे, अशी ही योजना आहे. रेडिएटरच्या स्मार्ट यंत्राला ती निसर्गतः लाभलेली नाही. निर्मात्याने ती मुद्दाम घालावी लागते.

दोन वर्षांचे गणित

खोक्यावर ‘सेल दोन वर्षे टिकतात’ असे लिहिलेले असते. हा दावा कशावर उभा आहे, हे साध्या आकडेमोडीतून दिसते. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलची क्षमता साधारण 2,500 मिलिअँपिअर-तास धरू. दोन सेल एकापुढे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होते. क्षमता तेवढीच राहते. दोन वर्षांत 17,520 तास असतात. भागाकार केला तर यंत्राने सरासरी केवळ 0.14 मिलिअँपिअर इतकाच प्रवाह वापरायला हवा.

आता मोटरचा खर्च पाहू. उदाहरणादाखल, मोटर प्रत्येक हालचालीत तीन सेकंद चालते आणि त्या वेळी 100 मिलिअँपिअर प्रवाह ओढते असे मानले, तर एका हालचालीला सुमारे 0.083 मिलिअँपिअर-तास खर्च होतात. दिवसाला 24 हालचाली झाल्या तर दोन मिलिअँपिअर-तास आणि 200 दिवसांच्या हिवाळ्यात 400. अशा दोन हिवाळ्यांचा मोटरचा खर्च 800 होतो. रेडिओ आणि पडदा यांच्यासाठी पुरेशी शिल्लक उरते आणि खोक्यावरचा दावा खरा ठरतो.

पण हेच यंत्र दर पाच मिनिटांनी झडप थोडी उघडू-मिटू लागले, तर दिवसाला 288 हालचाली होतात आणि 24 मिलिअँपिअर-तास खर्ची पडतात. मग 2,500 ची ठेव 104 दिवसांत, म्हणजे साडेतीन महिन्यांत संपते. सेल तेच, यंत्र तेच. फरक फक्त वागणुकीचा. पाणी गरजेपेक्षा अधिक गरम असणे, यंत्र जाड पडद्याआड झाकले जाणे किंवा झडपेची दांडी घट्ट असणे, अशा कारणांनी ही धडपड वाढते. ॲपमध्ये दिवसातून आठ-दहा वेळा तापमान बदलणारे वेळापत्रकही मोटरला तितक्याच वेळा उठवते.

मोटरचा वाटा किती मोठा आहे, हे जर्मनीतील रेडिएटरवरच दिसणाऱ्या दुसऱ्या एका उपकरणावरून लक्षात येते. भाडेकरूने किती उष्णता वापरली हे मोजणारी छोटी इलेक्ट्रॉनिक डबी रेडिएटरच्या अंगावर बसवलेली असते. तिच्यातील बॅटरी साधारणतः दहा वर्षे चालते. तीही तापमान मोजते, अनेकदा रेडिओवरून आकडे पाठवते. तिला फक्त काही हलवायचे नसते.

‘काल 40 टक्के, आज बंद’

ॲपमध्ये सेलची शिल्लक टक्क्यांत दिसते. हा आकडा प्रत्यक्षात अंदाज असतो. यंत्र सेलचे व्होल्टेज मोजते आणि त्यावरून शिल्लक किती असावी हे ठरवते. अल्कलाइन सेलचे व्होल्टेज 1.5 वरून हळूहळू उतरत जाते, म्हणून अंदाज बराचसा जमतो. पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल मुळातच 1.2 व्होल्टचे असतात आणि जवळजवळ शेवटपर्यंत त्याच पातळीवर राहतात. अल्कलाइनसाठी बनवलेले यंत्र त्यांना पहिल्याच दिवशी अर्धे रिकामे समजते. पुढे ते खरेच संपत आले की पुरेशी आगाऊ सूचना मिळत नाही. एकदाच वापरायच्या लिथियम पेन्सिल सेलचेही व्होल्टेज दीर्घकाळ स्थिर राहून अखेरीस झपाट्याने कोसळते. म्हणून माहितीपत्रकात सांगितलेल्या प्रकारचेच सेल वापरणे श्रेयस्कर.

दुसरी गोष्ट भाराची. जुना सेल विश्रांतीत ठीक व्होल्टेज दाखवतो, पण मोटर सुरू होताच त्याचे व्होल्टेज खाली बसते. ते फारच खाली गेले तर आतला संगणक बंद पडून पुन्हा सुरू होतो. सुरू झाल्यावर काही यंत्रे झडपेची टोके नव्याने शोधण्यासाठी मोटर पूर्ण पल्ला फिरवतात. त्यात उरलीसुरली शक्तीही जाते. काल 40 टक्के दाखवणारे यंत्र आज निपचित पडते, त्यामागे बहुधा हाच क्रम असतो.

शेवटच्या क्षणी तीन शक्यता

सेल संपताना यंत्र कसे वागते, याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार : यंत्र आहे त्या स्थितीत थांबते. झडप उघडी असेल तर उघडीच, मिटलेली असेल तर मिटलेलीच. संध्याकाळी खोली तापत असताना सेल संपले, तर रेडिएटर अखंड तापत राहतो. दुपारी ऊन आल्याने झडप मिटलेली असताना संपले, तर खोलीला पुन्हा ऊब मिळत नाही.

दुसरा प्रकार : व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेले की यंत्र एक शेवटची हालचाल राखून ठेवते आणि झडप अंशतः, उदाहरणार्थ 15 टक्के, उघडून थांबते. खोली सुखद राहत नाही, पण गोठतही नाही आणि बिलही आवाक्यात राहते. काही यंत्रांत ही टक्केवारी वापरणाऱ्याला बदलता येते.

तिसरा प्रकार : यंत्र झडप पूर्ण उघडते. जुन्या नॉबचे वर्तन येथे मुद्दाम जपलेले असते. नळ सुरक्षित राहतात. खर्च मात्र वाढतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातील संरक्षण सेल हळूहळू उतरत असतील तरच मिळते. सेल अचानक दगा देऊन गेले, त्यातील रसायन गळून स्पर्शबिंदू गंजले किंवा कुणी झाकण उघडून सेल काढून घेतले, तर शेवटच्या हालचालीला वीजच उरत नाही. तेव्हा प्रत्येक यंत्र पहिल्या प्रकारात मोडते.

सेल चांगले, तरी बिघाड

सगळा दोष सेलवर टाकता येत नाही. उन्हाळाभर मिटून राहिलेली झडप शरद ऋतूत अनेकदा चिकटते. आतील रबरी गोलक बसून राहतो किंवा दांडीभोवती क्षार साचतात आणि स्प्रिंग तिला बाहेर ढकलू शकत नाही. यंत्राने स्क्रू मागे घेतला तरी दांडी आतच राहते. पडद्यावर ‘उघडे’ असे दिसते आणि रेडिएटर मात्र गार असतो. हे टाळण्यासाठी बरीच यंत्रे आठवड्यातून एकदा झडप पूर्ण उघडून मिटतात. मध्यरात्री किंवा सकाळी ऐकू येणारी घरघर तीच. साधा नॉब असलेल्यांना उन्हाळ्यात झडप पूर्ण उघडी ठेवण्याचा सल्ला याच कारणाने दिला जातो.

रेडिओ संपर्क तुटणे हा दुसरा बिघाड. तापमापक आणि वेळापत्रक यंत्रातच असेल, तर इंटरनेट गेल्यावरही ते आपले काम करीत राहते. वेळापत्रक दूरच्या सर्व्हरवर असेल, तर यंत्र शेवटची आज्ञा धरून बसते. शिवाय हरवलेला संपर्क पुन:पुन्हा शोधण्यात सेल झिजतात. सुट्टीवर जाताना घरातील राउटर बंद करण्याची काटकसर अशा वेळी उलटू शकते.

ब्रिटनसारख्या ठिकाणी, जिथे अनेक घरांत स्वतंत्र बॉयलर असतो, तिथे आणखी एक पदर आहे. काही प्रणालींत रेडिएटरवरील यंत्रच बॉयलरला ‘उष्णता हवी’ असा निरोप पाठवते. ते बंद पडले तर झडप उघडी असूनही बॉयलर पेटत नाही. सामायिक उष्णता केंद्र असलेल्या इमारतीत गरम पाणी फिरतच असते. तिथे उघडी झडप म्हणजे हमखास ऊब. म्हणून ‘उघडी झडप सुरक्षित’ हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही.

किंमत कोण मोजतो?

पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि बंद नळाला तेवढे पुरते. फुटलेला नळ थंडीत कळत नाही. बर्फ वितळला की पाणी वाहू लागते, आणि तेव्हा घर रिकामे असेल तर खालच्या मजल्यापर्यंत नुकसान पोहोचते. घराची योग्य काळजी घेण्याची जबाबदारी भाडेकरूवर असते. थंडीत घर पुरेसे उबदार ठेवले होते का, हे विमा कंपनीही विचारते.

उलट बाजूस, झडप उघडी अडकली तर नुकसान शांतपणे वाढते. जर्मनीच्या नियमांनुसार उष्णतेच्या खर्चाचा 50 ते 70 टक्के भाग प्रत्यक्ष वापराप्रमाणे आकारला जातो आणि हिशेब वर्षाचा असतो. हिशेबाचे वर्ष संपल्यानंतर तो देण्यास घरमालकाला 12 महिन्यांची मुदत असते. जानेवारीत तापत राहिलेल्या रेडिएटरची बातमी भाडेकरूला बिलातूनच, तीही फार उशिरा मिळू शकते.

काय करता येईल?

यंत्र घेण्यापूर्वी माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधाव्यात : सेल कमकुवत झाल्यावर झडप कोणत्या स्थितीत जाते आणि संपर्क तुटल्यावर वेळापत्रक चालू राहते का. ही माहिती पत्रकात नसेल, तर यंत्र आहे तिथेच थांबेल असे गृहीत धरलेले बरे.

सेल टक्केवारी पाहून बदलण्यापेक्षा दिनदर्शिका पाहून बदलावेत. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे घेतली जातात. भारतातून दिवाळीच्या फराळाचा डबा पोहोचण्याचा तो सुमार. त्याच दिवशी सर्व यंत्रांतील सेल एकदम बदलले, तर हिवाळा निर्धास्त जातो. नवे-जुने किंवा निरनिराळ्या प्रकारचे सेल एकत्र घालू नयेत. सेल बदलल्यावर यंत्र झडपेची टोके पुन्हा शोधते. ती क्रिया पूर्ण झाल्याची खात्री करूनच झाकण लावावे.

लांबच्या प्रवासाला निघताना शक्य असेल तर यंत्र काढून जुना साधा नॉब बसवावा आणि तो चांदणीच्या खुणेवर किंवा थोडा वर ठेवावा. त्याला सेल नाहीत, राउटर नाही, विसरण्यासारखे काही नाही. भाड्याच्या घरातील मूळ नॉब घर सोडताना परत द्यावे लागतात, त्यामुळे ते जपून ठेवणे तसेही हिताचे. बॉयलर स्वतःचा असेल, तर त्याचे गोठणरोधक कार्य चालू आहे का हेही पाहावे. बॉयलरच बंद असेल तर कोणतीही झडप घर उबदार ठेवू शकत नाही.

आणि सेल संपून रेडिएटर गारच राहिला, तर घाबरण्याचे कारण नाही. यंत्र बहुतेक वेळा एका कड्याने झडपेवर बसवलेले असते. ते कडे हाताने सैल करून यंत्र उतरवता येते. पाणी पितळी झडपेतच बंदिस्त असल्याने ते बाहेर येत नाही. दांडी मोकळी होते, स्प्रिंग तिला ढकलते आणि काही मिनिटांत रेडिएटर तापू लागतो. खोली जास्त तापली तर झडपेबरोबर मिळणारे प्लॅस्टिकचे टोपण फिरवून दांडी दाबता येते.

सेलची कटकटच संपवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. थॉमस सीबेक यांनी 1821 मध्ये शोधलेल्या परिणामाचा उपयोग करून, गरम नळ आणि खोलीतील हवा यांच्या तापमानातील फरकातून वीज निर्माण करणारी यंत्रे बाजारात आली आहेत. युरोपीय संघाच्या 2023 च्या बॅटरीविषयक नियमावलीनुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, ग्राहकाला सहज काढता आणि बदलता आल्या पाहिजेत. बदलणे सोपे झाले तरी सेल कधीतरी संपणारच. त्या क्षणी झडप कोणत्या बाजूला झुकते, हे खोक्यावर वर्षांच्या आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत छापले गेले, तर कुलूप लावून विमानतळाकडे निघालेल्या कुटुंबाची एक काळजी कमी होईल. तोवर ते वाक्य माहितीपत्रकात शोधण्याचे काम ग्राहकालाच करावे लागणार आहे.